पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संशोधनासाठी निधी मागायचा आहे, अर्ज कसा लिहू?

कृष्णाकाठची | १० ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गाव वाळवा तालुक्यात, नदीपासून दीड-दोन किलोमीटरवर. आमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. यंदा कॉलेजने पदवीच्या मुलांना छोट्या संशोधन प्रकल्पासाठी १५,००० रुपयांपर्यंत निधी द्यायचं ठरवलंय. दोन पानांचा प्रस्ताव, मार्गदर्शक शिक्षकांची सही आणि अंदाजपत्रक जोडायचं. शेवटची तारीख २५ ऑगस्ट. पैसे ऑक्टोबरमध्ये मिळणार, अहवाल १५ मार्चपर्यंत द्यायचा.

माझा विषय: 'वाळवा तालुक्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास व उपाययोजना'. आमची स्वतःची पाऊण एकर अशी गेली आहे. आजोबांच्या वेळी तिथं ऊस डोक्याच्या वर जायचा. आता उन्हाळ्यात पांढरा थर येतो, चाललं की पायाखाली करकर वाजतं. म्हणून हाच विषय घ्यायचाय. एका सरांचं म्हणणं, "गेल्या वर्षीचाच एखादा विषय थोडा बदलून घे, लगेच मंजूर होतो." ते मनाला पटत नाही.

अंदाजपत्रक असं काढलंय: ईसी मीटर (विद्युत वाहकता मोजायचं यंत्र, त्यावरून मातीतले क्षार कळतात) ९,०००, प्रवास २,०००, टायपिंग-बाइंडिंग १,५००, इतर २,५००. कुणी असा अर्ज केला असेल तर सांगा. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नाही.

हरिपूरकर | १० ऑगस्ट, रात्री १०.०५

विषय फार मोठा झालाय. तालुका खोड, शिवार लिही. 'उपाययोजना' तर आधी खोड.

जांभा_दगड | १० ऑगस्ट, रात्री ११.२०

मी साताऱ्याची, वनस्पतिशास्त्र. तिसऱ्या वर्षाला असताना कासच्या पठारावर काम करायला असाच निधी मागितला होता. माझं काय चुकलं ते सांगते, तुझं चुकू नये म्हणून.

प्रस्तावात मी लिहिलं होतं 'कास पठारावरील वनस्पतींचा अभ्यास'. तिथं साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पती आहेत! परीक्षक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "यातल्या किती तू ओळखतेस?" शेवटी जांभ्याच्या सड्यावर पावसाचं पाणी साठतं त्या उथळ डबक्यांपैकी सहा डबकी घेतली आणि दर आठवड्याला त्यांत काय उगवतं-फुलतं तेवढंच मोजलं. काम झालं ते या सहा डबक्यांमुळे.

दुसरं, परवानगी. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास २०१२ साली आलं. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथलं एक पानसुद्धा तोडता येत नाही. मी अर्ज उशिरा केला आणि पत्र हातात पडेपर्यंत निम्मा मोसम सरला. तुझ्या कामाला वन विभाग लागत नाही, पण ज्यांच्या रानातली माती घेणार त्यांची संमती आत्ताच घेऊन ठेव. साध्या कागदावर सही पुरे.

आणि तो पांढऱ्या थराचा, पायाखाली करकर वाजण्याचा परिच्छेद प्रस्तावात जसाच्या तसा टाक. तो तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

सामू_सात | ११ ऑगस्ट, सकाळी ७.१५

३१ वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. अशा छोट्या निधीच्या फायली शेकड्यांनी पाहिल्या. पोरी, चार गोष्टी सांगतो.

ईसी मीटर विकत घेऊ नको. तुझ्या विभागाच्या कपाटात कंडक्टिव्हिटी मीटर असणारच, दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला तो लागतोच. उद्या प्रयोगशाळेतल्या मामांना भेट आणि तो चालू आहे का बघ. बहुतेक वेळा मीटर ठीक असतो, सेल (द्रावणात बुडवायचा भाग) खराब झालेला असतो. मग नवा सेल माग. ९,००० ऐवजी २,८०० च्या आसपास लागतील आणि तुझ्या मागून येणाऱ्या पोरांनाही तो वापरता येईल. मंजुरी देणारे हे बघतात.

'इतर २,५००' हे पहिल्या झटक्यात कापलं जातं. प्रत्येक रुपयाला नाव दे. पिशव्या, लेबलं, मार्कर, पोटॅशियम क्लोराइड, सगळं वेगवेगळं लिही.

बिल पक्कं हवं, कॉलेजच्या नावाने हवं आणि मंजुरीच्या तारखेनंतरचं हवं. आधी स्वतःच्या खिशातून आणलं आणि नंतर बिल लावलं, की ते नामंजूर होतं. मुलांचे हजारो रुपये असे अडकलेले मी बघितलेत. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले असं लिहून द्यावं लागतं, तेव्हा पावती हरवली तर डोळ्यांत पाणी येतं. पहिल्या दिवसापासून एक वही घाल आणि पावती डकवत जा.

चौथं आठवलं की लिहितो.

भरवशाची_म्हैस | ११ ऑगस्ट, सकाळी ९.३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बीएस्सीला कसलं संशोधन? सगळं नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी चालतं. पंधरा हजारांत काय शोध लागणार? तेवढा वेळ स्पर्धा परीक्षेला दिला तर उपयोग होईल.

हरिपूरकर | ११ ऑगस्ट, सकाळी ९.५२

म्हैस, सांगलीत आयर्विन पुलावरची पट्टी वाचून कृष्णेची पातळी किती फूट ते कळतं. ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोराला पण ठाऊक आहे. ती पट्टी वाचायला पीएचडी लागत नाही. रोज वाचणारा माणूस लागतो.

जांभा_दगड | ११ ऑगस्ट, सकाळी १०.१०

वा, हरिपूरकर!

माणदेशी | ११ ऑगस्ट, दुपारी १.४५

म्हशीचं सगळंच चूक नाही. मी म्हसवडकडचा. साताऱ्यात शिकलो, सुट्टीत गावाकडं कामाला जायचो. मला पण सरांनी विचारलेलं, प्रकल्प करतोस का. रसायनांना पैसे होते, काचसामानाला होते, माझ्या दिवसाला नव्हते. सुट्टीत दोन महिने प्रयोगशाळेत उभा राहिलो असतो तर पुढच्या वर्षाची फी कुठून भरली असती? नाही म्हणालो. ते नाही अजून टोचतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की संशोधनाचा निधी म्हणजे नुसतं सामान नव्हे. ज्याच्या घरात उद्याची भ्रांत नाही त्यालाच वेळ फुकट देता येतो. कर्मवीरअण्णांनी कमवा आणि शिका चालू केलं ते हेच ओळखून. पोरानं काम करावं, त्याचा मोबदला त्याला मिळावा, त्यावर त्यानं शिकावं. प्रयोगशाळेतलं काम हे काम नाही का?

पाटाचं_पाणी | ११ ऑगस्ट, दुपारी ३.००

माणदेशीदादा, लई बरोबर बोललात.

सामू_सात | ११ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०

माणदेशी, तुमचं दुःख खरं आहे, पण या पोरीच्या अर्जात स्वतःचं मानधन मागितलं तर अर्ज नियमात बसणार नाही. अशा योजनांत बहुधा विद्यार्थ्याला मानधन नसतं. तिने भांडावं असं मला वाटत नाही, तिच्याजवळ १४ दिवस आहेत.

माणदेशी | ११ ऑगस्ट, सायंकाळी ६.४१

तिनं भांडू नये, मान्य. पण तिनं विचारावं तरी. शेतातल्या कामाला मदतनीस घेता येतो का, त्याची मजुरी बसते का, एवढं विचारायला काय लागतं?

दीडशे_शब्द | ११ ऑगस्ट, रात्री १०.३०

मानधनासहित संशोधन करायचं असेल तर वाटा वेगळ्या आहेत, त्या सांगतो. या पंधरा हजारांबरोबर त्याही डोक्यात असू देत.

बारावीत मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात असशील आणि मूलभूत विज्ञान घेतलं असशील तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० तुझ्या हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पाचे. तो प्रकल्प खरोखर करून अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. केव्हीपीवायची (विज्ञानाच्या मुलांसाठीची जुनी शिष्यवृत्ती) वाट बघू नको, ती २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली.

तीन विज्ञान अकादम्या (बंगळूरची, दिल्लीची आणि प्रयागराजची) मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम, दरमहा विद्यावेतन आणि प्रवासखर्चही. अर्ज साधारण हिवाळ्याच्या तोंडावर भरायचा असतो. एक छोटा निबंध आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. मी इस्लामपूरहून अर्ज केला होता. पहिल्या वर्षी निबंधात 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' असं लिहिलं, निवड झाली नाही. दुसऱ्या वर्षी घरामागच्या काकवीच्या टाकीत फेस का येतो आणि त्यातलं मला काय मोजता आलं नाही ते लिहिलं. निवड झाली.

शिफारसपत्र मागताना सरांच्या हातात कोरा कागद देऊ नको. तू त्यांच्या तासाला काय केलंस, कुठला प्रयोग फसला आणि पुन्हा केलास, हे अर्ध्या पानात लिहून दे. त्यांना साठ मुलं असतात, आठवत नाही म्हणून ते बिचारे सगळ्यांना 'मेहनती व होतकरू' लिहितात.

तरफेची_तार | १२ ऑगस्ट, सकाळी ११.००

विज्ञानवाल्यांच्या गर्दीत जरा घुसते. मी मिरजेची, बीए, समाजशास्त्र. सतारमेकर गल्लीत तंबोरे-सतारी बनवणाऱ्या घरांवर काम केलं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कसा येतो, तो वाळवून कापतात कसा, जवारी (तारेचा नाद खुलावा म्हणून घोडीला द्यायचा घास) कोण काढतं आणि पुढच्या पिढीतली किती मुलं हे काम शिकतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी काम सुरू केलं तेव्हा आमच्या कॉलेजात कुणाला वाटतच नव्हतं की कला शाखेच्या मुलीला निधी लागतो. "तुला कसली रसायनं घ्यायचीयत?" असं विचारलं गेलं.

मला लागला रेकॉर्डिंगचा खर्च आणि मुलाखती उतरवून काढायचा खर्च. एका तासाची मुलाखत उतरवायला मला सहा-सात तास लागायचे. शेवटी आविष्कारला गेले. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालते. तिथं मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला असा स्वतंत्र गट आहे, पदवीची मुलं पदवीच्या मुलांशीच स्पर्धा करतात. पोस्टरसमोर एक परीक्षक वीस मिनिटं उभे राहिले. जवारी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगताना माझा मलाच विषय नव्याने कळला.

कृष्णाकाठची, तू पण आविष्कारचं बघ.

बांधावरचा_कृषीपदवीधर | १२ ऑगस्ट, रात्री ८.१५

सगळे अर्जाबद्दल बोलतायत, मातीबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. मिरज तालुक्यात आमची शेती आहे, त्यातली दोन एकर याच दुखण्यातून गेली.

आपल्याकडं जमीन क्षारपड होते ती पाणी नाही म्हणून नव्हे, पाणी जास्त म्हणून. काळी भारी जमीन, त्यात बारमाही ऊस, उपसा सिंचनाचं भरपूर पाणी आणि निचऱ्याला वाट नाही. जुने ओढे-नाले बुजवून लोकांनी बांध सरकवले. भूजल वर आलं, उन्हात पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. तो तुझा पांढरा थर म्हणजे खालून वर आलेले क्षार.

आता मुद्द्याचं. क्षार वर येतात उन्हाळ्यात, पावसाने खाली धुऊन जातात. तुला पैसे मिळणार ऑक्टोबरमध्ये, अहवाल १५ मार्चला. तुझ्या वेळापत्रकात उन्हाळाच नाही. 'पावसाळ्यापूर्वी आणि नंतर' अशी तुलना करायला गेलीस तर फसशील. तुझ्या शिवारात कुणी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा केलाय का? असेल तर पाइप घातलेली रानं आणि न घातलेली रानं यांची तुलना कर. ती ऑक्टोबरात पण होते, फेब्रुवारीत पण होते.

आणखी एक. पुस्तकात ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर ईसी म्हणजे क्षारयुक्त जमीन असं लिहिलेलं असतं. तो आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे माती जेमतेम पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. कॉलेजात तुम्ही एकास अडीच प्रमाणात माती-पाणी ढवळून मोजणार. त्यात पाणी जास्त, म्हणून आकडा कमी येतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'आमची जमीन चांगली आहे' असं लिहिलंस तर कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातला कुणीही माणूस पहिल्या पानावरच वही मिटेल. पद्धत कुठली ते प्रस्तावातच लिही.

सामू_सात | १२ ऑगस्ट, रात्री ९.००

कृषीपदवीधर, झकास. आता मला चौथी गोष्ट आठवली. दर वेळी मोजायच्या आधी ०.०१ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडवर मीटर तपासून घे. २५ अंश सेल्सिअसला १४१३ मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर दाखवायला हवं. तेवढं दाखवत नसेल तर सेल धुऊन पुन्हा बघ, नाहीतर त्या दिवशी मोजू नको.

कृष्णाकाठची | १३ ऑगस्ट, रात्री ११.५०

तुम्हा सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. आज मामांना भेटले, मीटर आहे आणि सेलच गेलाय. सामूकाका, तुम्ही न बघता ओळखलंत!

आमच्या शिवारात ओढ्याकडेच्या काही शेतकऱ्यांनी पाइप घातलेत. बाबांबरोबर जाऊन विचारलं. दहा जण हो म्हणाले, न घातलेलेही दहा मिळतील. मग हिशोब केला: २० रानं, प्रत्येकी दोन खोल्या (० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर), दोन फेऱ्या, म्हणजे ८० नमुने. त्यातले आठ बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेणार, माझं मोजणं बरोबर आहे का कळायला.

नवीन शीर्षक: 'जमिनीखालील निचरा पाइप असलेल्या व नसलेल्या वीस उसाच्या रानांतील मातीची विद्युत वाहकता व सामू (पीएच): ऑक्टोबर व फेब्रुवारी'.

अंदाजपत्रक: सेल २,८००. रसायनं १,२००. पिशव्या, लेबलं, मार्कर ६००. माती काढायचं गिरमिट १,५००. बाहेरची तपासणी १,६००. प्रवास २,०००. अहवाल आणि पोस्टर १,३००. एकूण ११,०००. पूर्ण १५,००० मागायला हवेत का?

बांधावरचा_कृषीपदवीधर | १४ ऑगस्ट, सकाळी ६.३०

गिरमिट माझ्याकडं पडून आहे. सांगलीला येशील तेव्हा घेऊन जा.

नमुना घेताना बांधाजवळ, खताच्या ढिगाजवळ, पाटाच्या कडेला घेऊ नको. एका रानात सात-आठ ठिकाणची माती घमेल्यात एकत्र कर, चार भाग कर, समोरासमोरचे दोन टाकून दे. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा.

हरिपूरकर | १४ ऑगस्ट, सकाळी ८.००

११,००० च माग. हिशोब जुळला की आकडा बोलतो. आणि शीर्षक आता असं झालंय की वाचणाऱ्याला काम डोळ्यासमोर दिसतं.

माणदेशी | १४ ऑगस्ट, सकाळी ८.२५

गिरमिटाचे १,५०० वाचले ना? ते मदतनिसाला ठेव. विचार एकदा.

भरवशाची_म्हैस | १४ ऑगस्ट, सकाळी १०.४०

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. वीस रानांत कुठं पाइप चालतोय आणि कुठं नाही हे कुणी मोजून सांगितलं तर माझ्या मामांनाच हवंय ते. ते दोन वर्षं पाइप घालू की नको या विचारात आहेत, खर्च मोठा आहे. यादीत जागा असेल तर त्यांचं रान घ्या, न घातलेल्यांत.

दीडशे_शब्द | १४ ऑगस्ट, दुपारी १२.१५

एक राहिलं. नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक असतात. हेच काम त्याला धरता येतं का ते विचार. आणि पुढे चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. या कामापायी सत्र परीक्षेकडे दुर्लक्ष करू नको.

तरफेची_तार | १४ ऑगस्ट, दुपारी १.०५

रानमालकांना निकाल द्यायचं पण प्रस्तावात लिही. मी प्रत्येक सतारमेकरांच्या घरी अहवालाची प्रत दिली होती. एका आजोबांनी ती देवघरात ठेवली.

कृष्णाकाठची | ९ ऑक्टोबर, रात्री ९.१०

धागा वर आणतेय. निधी मंजूर झाला! ९,७००. पोस्टरचे १,३०० कापले, 'आविष्कारसाठी निवड झाल्यास स्वतंत्र मागणी करावी' असा शेरा आहे. सामूकाका, बाकी एकही ओळ कापलेली नाही.

माणदेशीदादा, तुम्ही सांगितलंत म्हणून मी कार्यालयात विचारलं. 'क्षेत्रीय मदतनीस' या नावाखाली १,५०० बसले. माझ्या वर्गातली एक मैत्रीण आटपाडीकडची आहे, ती रविवारी कपड्यांच्या दुकानात काम करते. आता पाच रविवार ती माझ्याबरोबर रानात येणार आणि तिचा रोज बुडणार नाही. समितीतल्या मॅडम म्हणाल्या, आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं, पुढच्या वर्षीच्या अर्जात तसा रकानाच घालू.

मुलाखतीत विचारलं, "पाइप असलेल्या रानात पण ईसी जास्त आली तर?" मी म्हणाले, तर तसंच लिहीन, आणि पाइपचं तोंड बुजलंय का ते बघायला जाईन. दोन्ही मॅडम हसल्या.

म्हैसदादा, तुमच्या मामांचं रान विसाव्या क्रमांकावर घेतलंय.

माणदेशी | ९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

ताई, आज झोप चांगली लागंल.

कृष्णाकाठची | २ नोव्हेंबर, सायंकाळी ७.४५

पहिली फेरी झाली, ४० पिशव्या. परतीच्या पावसामुळे दोन आठवडे थांबावं लागलं, ओल्या मातीत गिरमिट फिरत नव्हतं. तारखा वहीत लिहून ठेवल्यात, अहवालात 'ऑक्टोबरअखेर' असं लिहावं लागेल. माती सावलीत वाळत घातलीय, घराच्या माळ्यावर पाय ठेवायला जागा नाही. आई म्हणते, शेंगा कुठं ठेवू?

कृषीपदवीधरकाका, दुसरी फेरी फेब्रुवारीत आहे. गिरमिट तोपर्यंत माझ्याकडे ठेवलं तर चालेल का?

बांधावरचा_कृषीपदवीधर | २ नोव्हेंबर, रात्री ८.२०

ठेव की. पात्याला तेल लावून ठेव, गंज चढतो.